मोहखेडीचं देऊळ

बाबाराव गिरडकरांच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायची सोय नव्हती. आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच! अख्खा महाराष्ट्र निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणू नये हे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. आमच्या नागपुराकडं तर बाई असो की माणूस, दोघंही ‘येतो’च म्हणतात. पण गिरडकरांच्या उंबरठ्यावर कोणी चपलेत पाय घालता घालता “बरं, येतो” म्हणालं, की आतून कौशल्याबाईचा आवाज आलाच समजा.

“कवा?”

“अं?”

“येतो म्हटलं न? कवा येता?”

पाहुणा बिचारा गडबडायचा. “नाही, म्हणजे... असंच आपलं. म्हणाची पद्धत आहे.”

“मंग जातो म्हणा. येणं नसन तर येतो काहून म्हणता?”

नवी नवरी होती तेव्हा तिनं खुद्द सासऱ्यांना हे ऐकवलं होतं. सासरे लकडगंजातल्या आपल्या दारं-चौकटींच्या कारखान्यात निघाले होते, आणि सून डोक्यावरचा पदर सावरून विचारते, कवा! सासूनं कपाळावर हात मारून घेतला. पुढं भावनाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या पोरीचं लग्न झालं, तर ती पोरगी मांडवातून “जातो, आई” म्हणून निघाली. वऱ्हाडातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. कौशल्या मात्र पोरीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “हां. जा, बाई.” 

बाबारावांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. बायकोच्या डोक्यात एक किडा आहे, असू दे, कोणाच्या नसतो? ते रोज सकाळी “जातो वं” म्हणून कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पन्नाशीला टेकलेला संसार असा सुखात गेला. काहून म्हणून एकदाही विचारलं नाही माणसानं. लाकडाला हात लावून ते कोणत्या जंगलातलं आहे ते सांगायचे, पण घरातल्या बाईच्या मनात काय सलतं ते कळलं नाही. आता बसले होते स्वतःच्या नावानं बोटं मोडत.

कारखाना विकून दोघं मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि त्यानंतर कौशल्याचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली. मग गॅस पेटवलेला राहू लागला. मग रायपूरहून भावना आली तर “ही बाई कोण आहे?” असं नवऱ्याच्या कानात विचारू लागली. भावना न्हाणीघरात जाऊन रडली. बाबारावांना वाटलं, आता हळूहळू पाटी कोरी होणार. पण गेल्या दिवाळीपासून त्या पाटीवर एकच गोष्ट ठळक झाली आणि ती काही पुसली जाईना.

“मले देवळात न्या,” कौशल्या म्हणायची. “ती बसून राहिली तिथं.”

“कोण ती?”

“वाट पाहून राहिली. ती किती पाहीन? न्या न मले.”

दिवसभर हेच. पदराचं टोक पिळत पिळत, दारापर्यंत जाऊन, परत येऊन. एकदा फक्त ती जास्तीचं बोलली. म्हणाली, “माय येतो म्हणून गेली.” बाबारावांनी आपल्या मनानं ताळा लावला, की कौशल्याची माय कुठल्याशा देवळात बसली आहे आणि लेकीची वाट पाहते आहे. त्यांचा ताळा चुकला होता, पण ते पुढं कळायचं होतं.

खरं सांगायचं तर कौशल्याच्या मायबापाबद्दल त्यांना काडीचीही माहिती नव्हती. तिला वाढवलं यमुताई नावाच्या नर्सबाईनं. नागपूरच्या महाल भागात एका खोलीत दोघी राहायच्या. बहिणीची पोरगी आहे, मायबाप नाहीत, एवढंच यमुताई म्हणाली होती आणि एवढ्यावरच सोयरीक झाली. यमुताई जाऊनही आता जमाना झाला. विचारायचं तरी कोणाला?

त्यातच डॉक्टरनं सांगितलं, की कौशल्याचं हृदयही थकलं आहे. औषधं चालू ठेवा, म्हणाले, पण फार ओढाताण करू नका, जे मागतात ते द्या. बाबारावांना बोलण्याचा अर्थ समजला. ती जे मागत होती ते एकच होतं. ती जायच्या आत तिला तिचं देऊळ दाखवायचं, बस्स. बाबारावांनी मनाशी गाठ मारली.

मग काय, नागपुरातलं एकेक देऊळ धुंडाळणं सुरू झालं. टेकडीचा गणपती झाला, तेलंगखेडीचा मारुती झाला, कोराडीची देवी झाली. ऑटोतून उतरायचं, बायकोचा हात धरायचा, आणि देवळासमोर उभं राहून तिच्या तोंडाकडं बघायचं. ती देवाकडं बघायचीच नाही. ती आधी पायऱ्यांकडं बघायची.

“हे नाही.”

“नीट पाह्य न वं.”

“घंटा कुठी आहे?”

“हे काय, डोक्यावरच लटकून राहिली.”

“ही नाही. ती उंच राह्यते. दोरी ओढा लागते.”

घंटेला कुठं दोरी असते! बाबारावांना वाटलं, विहिरीचा दोर आणि देवळाची घंटा हिच्या डोक्यात एक झाली. आता ऐकणाऱ्याच्या लक्षात आलंही असेल, पण ज्याचा जीव टांगणीला लागलेला असतो त्याला असं काही सुचत नाही. आणि देऊळ म्हणजे काय, हे काय बाबारावांना कोणी शिकवायला पाहिजे होतं?

रामटेकला मात्र त्यांचा तोल गेला. एवढं ऊन, एवढ्या पायऱ्या, अर्ध्यावर जाऊन ही म्हणते, हे नाही. लोकांसमोर ते खेकसले, “मंग कोणतं पाहिजे तुले? नाव सांग न! सांग नाव!”

कौशल्याचा चेहरा एवढासा झाला. “मले नाव नाही मालूम,” ती हुंदके देत म्हणाली. “मी लहान आहे.”

एक बाई आपल्या नातवाला घेऊन बाजूनं गेली ती वळून वळून बघत गेली. बाबाराव तिथंच पायरीवर बसले आणि त्यांनी कौशल्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. चारचौघांत असं बायकोला जवळ घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. लाज वाटली ती ओरडल्याची वाटली.

होळीनंतर तिनं जेवण सोडलं. वरणभाताचा घास पुढं केला की तोंड फिरवायची. “ती उपाशी बसली तिथं. मी कशी जेवू?” बाबाराव म्हणायचे, अगं, तिनं जेवून घेतलं, तिनंच सांगितलं तुला जेवायला. कौशल्या त्यांच्याकडं अशी बघायची, की बाबारावांना आपली थाप आपल्याच तोंडावर आपटल्यासारखी वाटे. भावना फोनवरून कावली, “बाबा, आईला आता कुठंही फिरवू नका. ते देऊळबिऊळ काही नसते. आजार आहे तो.” असेल, बाबाराव म्हणाले. पण आजारात तरी माणूस दुसऱ्या कोणासाठी उपाशी राहतं का, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

आता या गोष्टीत पियूष येतो. पियूष म्हणजे बाबारावांच्या धाकट्या भावाचा मुलगा. चांगला चाळिशीचा गडी, पण कामधंदा काय, तर जुनी नाणी, जुनी तिकिटं, जुनी कार्डं विकणं. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत त्याचं हाताएवढं दुकान. त्याचा बाप मरेपर्यंत म्हणत होता, हा रद्दीवाला कुठून जन्माला आला. पण पोरगा मायाळू. दर रविवारी तो मनीषनगरला यायचा आणि नव्या आलेल्या मालाची चळत जेवणाच्या टेबलावर मांडून निवडत बसायचा. कौशल्याला ती चित्रं हाताळायला आवडायची, म्हणून तो मुद्दाम इथंच काम काढायचा.

त्या रविवारी त्यानं विलायतेहून मागवलेला एक डबा आणला होता. साहेब लोक इथून घरी पाठवायचे तसली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची चित्रांची पोस्टकार्डं. कशावर हत्ती, कशावर किल्ला, कशावर पाणी भरणाऱ्या बाया. कौशल्या एकेक उचलून खाली ठेवत होती. मध्येच तिचा हात थांबला.

“हे पाहा,” ती म्हणाली. आवाज एकदम सरळ, खणखणीत, जुना. “अहो, हे पाहा. देऊळ.”

बाबाराव स्वयंपाकघरातून हात पुसत आले. पाहतात तो एक गिरिजाघर! छोटंसं, कौलारू, तालुक्याच्या गावाला शोभेल असं. समोर मोहाचं झाड, झाडाखाली सोडून ठेवलेली रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणि बाजूला बैल. छपाई काळी-पांढरी, पण त्यावर कोणी हातानं रंग भरले होते, कौलांना विटकरी, झाडाला पोपटी, आभाळाला फिका निळा. कौलांवर बाहुलीच्या घराएवढा एक मनोरा, त्यात घंटा, आणि घंटेची दोरी भिंतीवरून खाली आलेली. दारासमोर तीन पायऱ्या.

“दोरी,” बाबाराव पुटपुटले.

“हेच हाय न,” कौशल्या म्हणाली. मग कार्ड नाकाशी धरून ती पायऱ्यांवर बोट फिरवू लागली. “पण ती दिसत नाही. ती कुठी गेली?”

“मोठी आई, हे तर चर्च आहे,” पियूष म्हणाला.

“देऊळ आहे ते,” कौशल्या चिडून म्हणाली. “तुले का समजते?”

पियूषनं कार्ड उलटं केलं. मागं काही नव्हतं. ना पत्ता, ना मजकूर, ना तिकीट. कोणी कोणाला ते पाठवलंच नव्हतं. पुढच्या बाजूला चित्राखाली बारीक इंग्रजीत गावाचं नाव मात्र होतं. ‘मोहखेडी,’ त्यानं अक्षरं लावत वाचलं. “मोठेबाबा, हे तर उमरेडच्या पुढं आहे. अडीच तासाचा रस्ता.”

बाबाराव खुर्चीवर बसले. त्यांना आधी राग आला, चांगला सणसणीत राग. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि या बाईनं मला हे सांगितलं नाही? मी काय हिला घराबाहेर काढणार होतो? पण रागवायचं कोणावर, जिला स्वतःचं नाव सकाळी आठवतं आणि दुपारी आठवत नाही तिच्यावर? ती तर कार्ड छातीशी धरून दाराशी जाऊन उभी राहिली होती, पायात एक चप्पल बाबारावांची आणि एक स्वतःची.

दुसऱ्या दिवशी पियूषनं दुकान बंद ठेवलं आणि मित्राची गाडी आणली. वाटेत कौशल्या कार्ड मांडीवर घेऊन बसली होती. समोर काय येतं ते काचेतून बघत होती.

मोहखेडी आता जिकडं तिकडं वाढलेलं गाव. मोबाईलची दुकानं, बियाण्यांची दुकानं, मंगल कार्यालय. चर्चचं फाटक रस्त्यावरच होतं. गाडी थांबली. कौलं नव्हती, निळे पत्रे होते. भिंतींना गुलाबी रंग. मोहाचं झाड कुठं दिसेना. दारापुढं फरश्या घातलेला सपाट ओटा, आणि पायरी म्हणाल तर एकही नाही.

कौशल्या गाडीतून उतरली, बघितलं, आणि तिचा हात बाबारावांच्या हातातून गळून पडला. “हे नाही,” ती म्हणाली.

झालं. बाबारावांना वाटलं, मटकन खाली बसावं. इथपर्यंत येऊनही नाही, तर आता देवानं तरी कुठं न्यावं हिला?

आतून एक बाई आली, पंजानं डोळ्यांवर सावली धरून. वच्छलाबाई तिचं नाव, तिथली झाडलोट बघायची. पियूषनं तिला कार्ड दाखवलं. तिनं ते दूर धरलं, जवळ धरलं आणि हसली. “अबब! कुठून आणलं जी हे? हे आपलंच देऊळ आहे. पण हे तोंड मागं गेलं. पह्यलं रस्ता तिकडून होता न. इकडून रस्ता झाला तवा देवळाचं तोंड फिरवलं. जुना दरवाजा तिकडं आहे, बंद राह्यते.”

“तुम्ही बी देऊळच म्हणता?” बाबारावांनी विचारलं.

“मंग का म्हणाव? आमची आजी देऊळच म्हणे, आमीबी देऊळच म्हणतो. देव जिथं तिथं देऊळ.”

चार महिने बाबारावांनी बायकोला दारोदार हिंडवलं होतं, आणि ती बिचारी पहिल्या दिवसापासून अगदी बरोबर बोलत होती.

ते मागच्या बाजूला गेले. तिकडं गवत वाढलेलं, एक मोडका बाक, आणि वर पत्र्यांच्या मध्ये तो बाहुलीच्या घराएवढा मनोरा जसाच्या तसा. दोरी नव्हती. कुलूपबंद दारापुढं दगडाच्या तीन पायऱ्या होत्या, मधोमध झिजलेल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर एक बकरी बसली होती. वच्छलाबाईनं तिला हाकललं.

कौशल्या उभी राहिली. मग तिनं बाबारावांचा हात सोडला, आपल्या पायांनी गेली आणि मधल्या पायरीवर बसली. अगदी कडेला, भिंतीला टेकून. बाबाराव तिच्या बाजूला बसायला गेले तर म्हणाली, “तिथं नका बसू.” ते खाली गवतातच बसले.

ऊन कलू लागलं. वच्छलाबाईनं चहा आणून दिला, तो कौशल्यानं घेतला नाही. ती आपल्या बाजूच्या रिकाम्या दगडाकडं बघत होती. बाबारावांचा जीव कासावीस झाला. जिची वाट आहे ती माय काही येणार नाही, आणि ही तर इथून उठणार नाही. आता काय करायचं? मग त्यांनी, भला माणूस तो, बायकोचं भलं करायला म्हणून एक थाप मारली.

“कौशल्या, ऐक न. तुही माय येऊन गेली, म्हणे. आत्ताच. या बाईले सांगून गेली, का माह्या पोरीले घरी न्या.”

कौशल्यानं मान वर केली. दारातल्या पाहुण्यांकडं बघायची ना, तश्शी बघितली ती नवऱ्याकडं.

“खोटं काहून बोलता?” ती म्हणाली. “माही माय काहून येईन?”

“तूच म्हणते न, माय येतो म्हणून गेली...”

“ते तर म्हणाचं म्हणून म्हणतात हो. लोकं जाताना येतोच म्हणतात. गेली ती. मले कवाचं मालूम आहे.” ती हे इतक्या समजुतीनं बोलली, की बाबारावांना वाटलं, आपली जुनी कौशल्या परत आली. “मले मालूम आहे. पण हिले कुठी मालूम आहे?”

“कोणाले?”

“हिले.” तिनं बाजूच्या दगडावर हात ठेवला. “ही बसून राहिली न इथं. माय म्हणे, बस, हालू नको, येतो मी. लोकं आतमधी गाऊन राहिले होते. मंग दोरी ओढली कोणं, घंटा वाजली, लोकं घरी गेले. अंधार पडला. यमुताई इथल्या दवाखान्यातून आली न, म्हणे चाल वं, लेकरू, थंडी लागन. तिनं मले उचललं. मी गेली.” ती थांबली. दगडावरचा हात हळूहळू थोपटू लागला. “पण ही नाही आली. इथंच राह्यली. म्हणे, माय येईन आन मी नसन तर?”

पियूष तोंड फिरवून भिंतीपाशी गेला. वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला. आणि बाबारावांना आत्ता कुठं उमगलं. ‘ती’ म्हणजे माय नव्हेच. एवढे दिवस जी उपाशी बसली होती, जिच्यासाठी हिला घास जात नव्हता, ती फ्रॉक घातलेली, नाक वाहणारी, पायरीवरून न हललेली एक पोर होती. हिची हीच.

“कौशल्या,” ते कसंबसं म्हणाले, “मले काहून नाही सांगितलं वं तू? कवाच?”

“तुमी विचारलं कुठी?” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं तिनं. बाबारावांनी डोकं गुडघ्यात घातलं आणि ते रडले. आवाज करून रडले, गवतात बसून, पियूषसमोर, परक्या बाईसमोर. कौशल्याचं तिकडं लक्ष नव्हतं. ती बाजूला वाकली होती.

“चाल वं,” ती त्या दगडाशी बोलली. “चाल, मी आली. कोणी येत नाही आता. आपुन घरी जाऊ.”

थोडा वेळ गेला. मग ती उठली. एक हात तिनं बाबारावांना दिला आणि दुसरा जरासा खाली, अंगापासून दूर धरला. तशीच चालत गाडीपर्यंत आली. मागच्या सीटवर ती अगदी खिडकीला चिकटून बसली. बाबाराव बाजूला बसू लागले, पण मग काय वाटलं कोणास ठाऊक, दार लावून ते पुढं पियूषजवळ जाऊन बसले.

त्या संध्याकाळी ती जेवली. ज्वारीची भाकर आणि वरण, पोटभर. ताटातला एकेक घास तिनं आधी उजवीकडं धरला आणि मग आपल्या तोंडात घातला. बाबारावांनी समोर बसून वाढलं. ‘देवळात न्या’ हे ती पुन्हा कधीच म्हणाली नाही. भावनाला वाटलं, औषधानं गुण आला. बाबारावांनीही तिला तसंच वाटू दिलं. काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत.

अक्षयतृतीया झाली. एका सकाळी दूधवाला आला नाही, म्हणून बाबाराव पिशवी घेऊन खाली निघाले. कौशल्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. तीन-चार दिवस तिनं कोणाला ओळखलं नव्हतं. सवयीनं बाबाराव दारातून म्हणाले, “जातो वं.”

“मीबी जातो,” ती म्हणाली.

बाबाराव हसले. “तू कुठी चालली सकाळी सकाळी?”

“तुमी वाट नका पाहू,” कौशल्या म्हणाली.

ते दूध घेऊन वर आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, मान खिडकीकडं कलती. पण ती गेली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगत आली तसंच करून गेली. जाताना ‘जातो’ म्हणाली. कोणाला पायरीवर बसवून गेली नाही. बाबारावांना मात्र ऐकून समजलं नाही, ते दूध आणायला गेले, आणि त्या गोष्टीचं दुःख त्यांना बाकी सगळ्या दुःखाहून जास्त झालं.

सुतकात माणसं आली-गेली. तसल्या घरातून उठताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही. माणूस नुसतं हात जोडतं आणि गुमान चपला घालतं. भावना आली, तेरवी झाली, तिच्या पोराची परीक्षा होती, ती गेली. आईच्या शिकवणीप्रमाणं “जातो, बाबा” म्हणून गेली. शेवटी राहिला पियूष. त्यानं भांडी आवरली, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, औषधाची डबी बाबारावांच्या हाताशी ठेवली. कौशल्याच्या फोटोला टेकवून मोहखेडीचं कार्ड उभं केलेलं होतं. ते जरा घसरलं होतं, ते त्यानं नीट केलं.

मग दाराशी जाऊन तो म्हणाला, “जातो, मोठेबाबा.”

बाबाराव खुर्चीतून उठले. दारापर्यंत आले. फ्लॅटमध्ये पंख्याचा तेवढा आवाज होता.

“येतो म्हण,” ते म्हणाले.

“अं?”

“येतो म्हण गा.”

“मोठेबाबा, पण मोठी आई...”

“ती नाही आता विचारायले. तू म्हण, बापा. येतो म्हण.”

पियूषनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडं.

“येतो,” तो म्हणाला.

“कवा?” बाबारावांनी विचारलं.